पीए होण्याची जवळची वाट : चि. भाचीस पत्र



अमेरिकेत बारावीनंतर थेट पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण जोडणाऱ्या पाच वर्षांच्या जोड-अभ्यासक्रमात शिरू पाहणाऱ्या विद्यार्थिनीने आधी हे ध्यानात घ्यावे की, फिजिशियन असिस्टंट (पीए), म्हणजे डॉक्टरांच्या सहयोगाने रुग्ण तपासून निदान करणारा व औषधे लिहून देणारा परवानाधारक व्यावसायिक, ही कल्पनाच अनुभवी हातांवर उभी राहिली; डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात पहिला वर्ग सुरू केला, तेव्हा त्यातले चौघेही नौदलात रुग्णसेवा करून आलेले होते.

नेहमीच्या वाटेने जाणारा चार वर्षांची पदवी घेतो, बहुधा काही काळ रुग्णांजवळ नोकरी करतो आणि मग साधारण सत्तावीस महिन्यांच्या पदव्युत्तर शिक्षणाला लागतो. जोड-अभ्यासक्रमात या शेवटच्या शिक्षणाला फारशी कात्री लागत नाही. गळते ते पदवीचे चौथे वर्ष आणि नोकरीचा काळ. वर्षभराची फी वाचते, ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. पण ज्या मुलीने अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला रात्रपाळीत कुशीवर वळवलेले नाही, त्याची ओली चादर बदललेली नाही, तिला हे काम मानवते की नाही ते प्रवेशानंतर कळणे फार महागात पडते. म्हणून तिने नर्सिंग असिस्टंटचे प्रमाणपत्र घेऊन एक उन्हाळा तरी अशा रुग्णांच्या सेवेत काढावा आणि मगच अर्ज भरावा.

खरी मेख मात्र नियमपुस्तिकेत असते. पीए-शिक्षणासाठी राखून ठेवलेली जागा ठरावीक गुणसरासरी टिकवली तरच मिळते. शिवाय अनेक ठिकाणी पीए-शिक्षणाच्या पहिल्या वर्षाचे श्रेयांक पदवीसाठी धरले जात असल्यामुळे, त्याच वर्षी अडखळणाऱ्याच्या हाती तीन वर्षे शिकूनही पदवी नसते. चौथ्या वर्षी बाहेर पडल्यास काय हाती लागेल, याचे उत्तर विद्यापीठाकडून लेखीच घ्यावे. त्याचबरोबर अभ्यासक्रमाला एआरसी-पीए या अधिस्वीकृती देणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का, तेही तपासावे, कारण त्याशिवाय परवान्यासाठी लागणाऱ्या राष्ट्रीय परीक्षेला बसता येत नाही. भारतात स्वस्तात पीए करून परतण्याचा नातलगांचा सल्ला याच कारणाने निकालात निघतो.

मनात डॉक्टर होण्याची इच्छा असेल, तर ही वाट जवळची नव्हेच. पीए झालेल्यालाही बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते.

— मामा