डब्याआधी वरण

बाबू, तू जिम लावलीस हे ताईनं सांगितलं. आठ दिवसांत प्रोटीन पावडरच्या महागड्या डब्याची फर्माईश केलीस, हेही सांगितलं. डब्याचं नंतर पाहू. आधी एक शंभर पानी वही आण.

वहीत रोज तीनच गोष्टी लिहायच्या: व्यायाम कोणता, वजन किती, किती वेळा उचललं. आमच्या वेळी पाचशे जोर, हजार बैठका मारणारे गडी होते. दम त्यांचा जबर, पण जोर-बैठकीत वजन आपल्या अंगाचंच. ते वाढत नाही म्हणून आकडा वाढवायचा, आणि एका मर्यादेनंतर आकड्यानं दमच वाढतो, मांस तेवढं चढत नाही. रॉड-प्लेटांचा फायदा इथं आहे. आठ वेळा नीट उचलता येईल असं वजन घे. तेच बारा वेळा जमायला लागलं की अडीच किलो वाढव आणि पुन्हा आठपासून सुरू कर. सेट संपताना आणखी एक-दोन वेळाच निघाले असते, इतपत कस लागला पाहिजे. दर सेटला डोळे पांढरे करायचं काम नाही.

आज छाती, उद्या दंड, परवा पाठ असं आठवड्याचं टाइमटेबल पोट्टे लावतात आणि सोमवारी केलेली छाती थेट पुढच्या सोमवारी करतात. मेहनत झाल्यावर स्नायू बांधायचं काम शरीर एक-दोन दिवस जोरात करतं, मग ते मंदावतं. म्हणून प्रत्येक भागाची पाळी आठवड्यातून दोनदा यायला हवी. दोन दिवस कमरेखालचं, दोन दिवस कमरेवरचं, एवढं पुरे.

बैठक मात्र रॉड घेऊनच शिक, पण आधी रिकामा रॉड. तो मानेच्या हाडावर टेकवायचा नाही, खाली खांद्यांमागं जो मांसल भाग आहे तिथं ठेवायचा. खाली जायच्या आधी श्वास पोटात भरायचा आणि कुणी पोटात बुक्की मारणार आहे असं पोट कडक धरायचं. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं जाऊ दे, आत वळू देऊ नको. मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत खाली जा, टाचा उचलू नको, आणि वर येताना कंबर आधी अन् छाती मागून असं होऊ देऊ नको. पाठ वाकायला लागली की सेट संपला समज, मग वहीत आकडा कमी लिहावा लागला तरी चालेल. वजनापायी कंबर धरून बसलेले पुष्कळ पाहिले.

पाठीसाठी पुलअपसारखं दुसरं काही नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांची मंडळी कबड्डीसारखे देशी खेळ तिथं करून दाखवून आली. कधी अमरावतीला गेलास तर तिथल्या मल्लखांबावरच्या पोरांच्या पाठी पाहून ये. स्वतःचंच वजन हातांवर ओढून त्या घडलेल्या असतात. पुलअप एकही निघत नसेल तर स्टुलावरून उडी मारून वर जा आणि पाच मोजत सावकाश खाली ये. तेही वहीत लिही.

आता खाण्याचं. अंगावर मांस चढवायचं तर वजनाच्या दर किलोमागं दीड-पावणेदोन ग्रॅम प्रोटीन रोज पोटात जायला हवं. तू साठ किलोचा, म्हणजे साधारण शंभर ग्रॅम. आकडा ऐकून घाबरू नको. चार ज्वारीच्या भाकरींत वीस-बावीस ग्रॅम येतं. दोन्ही वेळचं वरण घट्ट असलं, म्हणजे दिवसाला ऐंशी ग्रॅम तुरीची डाळ शिजली, तर सतराएक. अर्धा लिटर दुधाचे सोळा, चार अंड्यांचे चोवीस, खिशातल्या मूठभर फुटाण्यांचे दहा. भाकरीत जे अमिनो आम्ल कमी पडतं ते डाळीत असतं आणि डाळीत कमी पडतं ते भाकरीत, म्हणून दोन्ही जोडीनं खायची. आपल्याकडं अडचण एकच, वरण पाण्यासारखं पातळ होतं आणि वाटीभर भातावर संपतं. तुझी वाटी कुकरच्या तळातून काढायला ताईला सांग.

शंभराला जे उणं राहतं ते सोयाबीननं भरून काढायचं. वाशीमच्या बाजार समितीत सोयाबीनची थप्पी लागते, रिसोड-मालेगावकडं ज्याच्या-त्याच्या शेतात तेच, आणि घरात खाणारे किती? पोतं विकून आलेल्या पैशातून पोरगा विलायती डबा आणतो, याचं मला हसू येतं. सोयाबीनच्या दाण्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त प्रोटीन असतं. पण कच्चं किंवा अर्धं कच्चं खायचं नाही. त्यात प्रोटीन पचू न देणारा एक घटक असतो, तो उष्णतेनंच मोडतो. रात्रभर भिजत घाल, ते पाणी फेकून दे, मग कुकरमध्ये दाणा बोटांनी सहज दाबला जाईल असं शिजव. एवढा खटाटोप नको असेल तर वडी आण. तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या पिठाचीच ती असते, म्हणून शंभर ग्रॅम कोरड्या वडीत पन्नासच्या आसपास प्रोटीन भरतं. उकळून दोनदा पिळून घे म्हणजे वास जातो, मग पातोडीला करतो तसला झणझणीत रस्सा कर. कारंजा-शिरपूरकडच्या जैन घरांत अंडं चालत नाही, तिथल्या पोरांना पनीर आणि ही वडी पुरते.

डब्यातली ती व्हे पावडर म्हणजे दूध फाडल्यावर जी निवळी उरते ती वाळवलेली. औषध नाही, विषही नाही, नुसतं अन्न आहे. जेवणातून शंभर होत नसतील आणि पैसा असेल तर घे, फक्त डब्यावर चौदा आकडी परवाना नंबर आहे का बघ. क्रिएटिनही रोज तीन-पाच ग्रॅम चालतं. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय यातलं काहीच नको.

सुईला हात लावायचा नाही. यावर चर्चा नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की अंगातलं बनायचं थांबतं, अंडकोष आक्रसतात, छाती बायकांसारखी सुटते, हृदयावर ताण येतो. तीन महिन्यांत दहा किलो मांस चढवून देतो म्हणणारा कोच भेटला तर चप्पल घालून बाहेर पड. सुईविना वाढ नवख्याला महिन्याला अर्धा-एक किलो झाली तरी भरपूर झाली, आणि पुढं तीही मंदावते.

उन्हाळ्यात वजनं सकाळी सातच्या आत आटप, घरी येऊन मीठ घातलेलं ताक पी. रात्री मोबाइल बाजूला ठेवून आठ तास झोप. हे दोन्ही तू ऐकणार नाहीस, तरी सांगून ठेवतो.

पोलीस भरतीचं मनात आहे म्हणालास. मग नुसते दंड फुगवून भागणार नाही. ७.२६० किलोचा गोळा हातानं जातो असं पोट्ट्यांना वाटतं, पण तो ढकलला जातो मागच्या पायानं आणि कमरेनं. म्हणून बैठक आणि डेडलिफ्ट चुकवायची नाही. सोळाशे मीटरचा सराव वजनाच्या दिवशी करायचाच असेल तर दुसऱ्या वेळेला कर, लागोपाठ नको. आणि मैदानी चाचणीच्या आधीच्या आठवड्यात वजनं निम्मी कर, पायांना नवीन काही देऊ नको. मांड्या आखडल्या की आठवड्याची मेहनत नाही, वर्षाची भरती जाते.