हातमोजे : कामाप्रमाणे निवड

वर्कशॉपच्या कपाटात हातमोज्यांचा ढीग असतो आणि हाताला लागेल तो जोड आपण चढवतो. पण ‘जाड म्हणजे मजबूत’ हे गणित खरे नाही. जोड निवडताना मी तीन गोष्टी बघतो.

१) काम : वेल्डिंगला मनगट झाकणारे चामडी मोजेच हवेत. नायलॉन ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. तेलकट जॉब उचलायला नायट्राइलचा लेप असलेले घ्या, पकड सुटत नाही. खडबडीत कास्टिंगला चामडी तळवा बरा.

२) आकडे : ‘ईएन ३८८’ या युरोपीय मानकाच्या चिन्हाखाली चार आकडे असतात. ते अनुक्रमे घासणे, कापणे, फाटणे व टोचणे यांना होणारा विरोध दाखवतात. ४१२१ म्हणजे घासायला उत्तम, पण धारदार पत्र्यापुढे कच्चा!

३) माप : अंगठा सोडून तळहाताचा घेर मोजा. मोजा सैल असेल तर पकडीला जास्त जोर लागतो आणि हात लवकर भरून येतो. मूठ वळून बघा, बोटांच्या टोकाशी कापड लोंबता कामा नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. लेथ किंवा ड्रिलिंग मशीन चालू असताना कोणताच मोजा नको. फिरता चक मोजा पकडतो आणि सोबत बोटेही ओढतो. मोजा जितका मजबूत, तितका इथे घातक, कारण तो फाटून सुटत नाही. चिप्स काढायच्या तर आधी मशीन बंद करा, मग ब्रश घ्या.