घरचा कुत्रा : उंबरठ्याच्या आत की बाहेर?

गोव्याच्या खेड्यांत कुत्रा नसलेले घर सहसा दिसत नाही, आणि आता शहरांतील सदनिकांतही कुत्री पाळली जाऊ लागली आहेत. लस टोचून घेण्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात येणारे पालक खाण्यापिण्याविषयी आणि औषधांविषयी विचारून झाल्यावर निघता निघता बहुधा एक प्रश्न विचारतात : ह्याला घरात ठेवावे की बाहेर? प्रश्न दिसतो तितका साधा नाही. कुत्र्याचे आयुष्य, घरातील लहान मुलांचे आरोग्य आणि रानालगतच्या गावांत तर माणसांची सुरक्षितताही त्याच्या उत्तराशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात गोवा व लगतच्या प्रदेशातील हवामान आणि घरांची रचना डोळ्यांसमोर ठेवून ह्या प्रश्नाचा विचार केला आहे.

पडवीची जागा

आपल्या परंपरेत कुत्र्याचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. दत्तात्रेयांच्या पायांशी चार श्वान असतात, खंडोबाजवळ कुत्रा असतो, आणि सोबतचा कुत्रा बाहेर ठेवावा लागणार असेल तर स्वर्गाच्या रथात पाऊल टाकण्यास युधिष्ठिराने नकार दिल्याची कथा महाभारतात आहे. परंतु त्याच समाजात कुत्र्याचा घास मात्र उंबरठ्याबाहेर ठेवला जाई आणि कुत्रा स्वयंपाकघरात शिरला तर सारे घर धुऊन काढीत. ह्यात दांभिकपणा शोधण्याचे कारण नाही. जमीन शेणाने सारवलेली, माणसे जमिनीवर बसून जेवणारी व जमिनीवरच निजणारी, आणि कुत्र्याच्या पोटातील जंतांवर खात्रीचे औषध नाही, अशा काळात त्याला उंबरठ्याबाहेर ठेवण्याचा नियम हा आरोग्याचाच नियम होता.

मात्र त्या काळी ‘बाहेर’ म्हणजे उघड्यावर असा अर्थ नव्हता, ही गोष्ट आज विसरली गेली आहे. जुन्या कौलारू घराला ओसरी असे, पडवी असे, मागे गोठा आणि परसदार असे. पावसाळ्यापूर्वी पडवीला झावळ्या विणून आडोसा केला जाई. त्या आडोशाआड, तांदळाच्या कणग्यांच्या किंवा सरपणाच्या शेजारी, गोणपाटावर कुत्रा निजे. माणसांची पावले, बोलणे, जेवणाचा वास हे सारे त्याच्यापर्यंत पोहोचत असे. तो घराबाहेर होता, पण घराचा होता.

सिमेंटच्या घराने ही मधली जागाच नाहीशी केली. आता एकतर लाद्या घातलेली खोली आहे, नाहीतर कुंपणाच्या भिंतीलगत उन्हात तापणारा लोखंडी पिंजरा किंवा पत्र्याचे खोपटे. घरात की बाहेर, हा प्रश्न एवढा टोकाचा होण्याचे मूळ ह्या बांधकामात आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ऊन आणि पाऊस

कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असते. माणसाप्रमाणे त्याला सर्वांगाला घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांपुरत्या घर्मग्रंथी सोडल्या तर अंगातील उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. धापा टाकताना जीभ, तोंड आणि श्वसनमार्ग यांतील ओलावा उडतो व त्यामुळे रक्त थंड होते. हवा कोरडी असेल तर हा उपाय चांगला चालतो. हवा दमट असेल तर ओलावा उडतच नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत गोव्यात पारा ३३-३४ अंशांवर असला तरी कुत्र्याला होणारा त्रास त्या आकड्यावरून वाटतो त्याहून अधिक असतो. ग्वाल्हेरकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथे धोका उघडच दिसतो आणि पालक सावध राहतात. आपल्याकडे तो दिसत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. त्यातही चपट्या नाकाचे पग, किंवा थंड प्रदेशासाठी दाट दुहेरी केस लाभलेले हस्की व सेंट बर्नार्ड यांसारखे कुत्रे किनारपट्टीवर दुपारी बाहेर ठेवणे हा अविचार होय. अशा जातीचे पिल्लू हौसेने विकत घेणाऱ्याने त्याला घरात जागा देण्याची तयारी आधीच ठेवावी.

उष्माघात झालेला कुत्रा जोरजोरात धापा टाकतो, त्याची लाळ घट्ट होते, हिरड्या लालभडक दिसतात आणि चालताना तो झोकांड्या देतो. शरीराचे तापमान ४१ अंशांच्या वर गेले तर प्राणावर बेतते. त्याला तत्काळ सावलीत आणून अंगावर नळाचे पाणी ओतावे, पंख्याचा वारा घालावा आणि वेळ न दवडता दवाखान्यात न्यावे. घरगुती उपचारांत तास घालवणे म्हणजे जनावर गमावणे होय.

पावसाळ्याचा प्रश्न निराळा आहे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. सतत ओल्या राहणाऱ्या केसांखाली त्वचेला बुरशी लागते, कानांत पू होतो. ह्याहून गंभीर बाब म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या मूत्रातून हे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात. अंगणातील डबक्याचे पाणी पिणाऱ्या कुत्र्याला तो रोग होऊ शकतो आणि पुढे त्या कुत्र्याच्या मूत्रातून माणसालाही होऊ शकतो. ह्या रोगाची कुत्र्यांसाठीची लस दरवर्षी टोचून घ्यावी लागते व ती पावसाळ्यापूर्वी टोचून घेणे शहाणपणाचे असते.

साखळी

बाहेर ठेवलेल्या कुत्र्याचे खरे दुःख ऊन-पाऊस हे नसून साखळी हे आहे. प्रत्येक वाड्यावर एखादा ‘टायगर’ असतो आणि हा वाघ बहुधा जन्मभर सहा फुटांच्या वर्तुळात फिरत असतो! असा कुत्रा राखणीला चांगला, तो तिखट होतो, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. कुत्रा हा कळपात राहणारा प्राणी असून माणसाचे कुटुंब हाच त्याचा कळप असतो. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत त्याला माणसांची, मुलांची, आवाजांची जी ओळख होते ती आयुष्यभर पुरते. ह्याच काळात त्याला कोपऱ्यात बांधून ठेवले तर तो भित्रा होतो, आणि पळण्यास वाव नसलेला भित्रा कुत्रा चावतो. तो चोर आणि पाहुणा यांत भेद करीत नाही. चेंडू आणायला धावलेले घरातले मूलही त्याच्या तावडीत सापडते. शिवाय दिवसभर भुंकणाऱ्या कुत्र्याच्या भुंकण्याकडे रात्री कोणी लक्ष देत नाही, आणि चोरट्यांना विषारी खाणे टाकता येते ते बाहेर बांधलेल्या कुत्र्यालाच. माणसाला ऐकू न येणारे बारीक आवाज कुत्र्याला ऐकू येतात. दाराच्या आत निजलेला कुत्राही फाटकाशी आलेल्या परक्या माणसाची वर्दी देतो.

ह्या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार, प्राण्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि त्याला पुरेसे अन्न, पाणी किंवा निवारा न देणे हे अपराध आहेत. नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला त्याच्या मालकाने वाजवी व्यायाम न देणे हाही त्याच कलमात स्वतंत्र अपराध सांगितला आहे. आपल्या अंगणात आपल्या कुत्र्याला कसेही ठेवू, असे म्हणण्याचा अधिकार मालकाला नाही.

रानालगतची गावे

सत्तरी, सांगे, काणकोण, त्याचप्रमाणे सीमेपलीकडील खानापूर व दोडामार्ग ह्या तालुक्यांतील वाचकांनी पुढील मजकूर विशेष लक्षपूर्वक वाचावा. महाराष्ट्रातील अकोले तालुक्याच्या (अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) शेतीप्रधान भागात बिबट्यांच्या विष्ठेचे परीक्षण करून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बिबट्यांच्या एकूण आहारापैकी वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या पाळीव व भटक्या कुत्र्यांचा असल्याचे आढळले. शेळ्यांचा वाटा त्याहून पुष्कळच कमी होता. शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रा बाहेर असतो, हे त्याचे एक सरळ कारण होय.

रात्री साखळीने बांधलेल्या कुत्र्याला ना लढता येते ना पळता येते. एकदा असे सहज भक्ष्य मिळालेला बिबटा त्याच घराकडे पुन्हा फिरकण्याचा संभव असतो, आणि त्याच अंगणात उन्हाळ्यात माणसे ओसरीवर निजलेली असतात. तेव्हा रानालगतच्या घरात, सूर्यास्तानंतर कुत्रा पक्क्या दाराच्या आत घेणे हा कुत्र्याचे लाड करण्याचा विषय नसून घराच्या बंदोबस्ताचा विषय आहे.

आत घेताना

येथवर वाचून कुत्र्याला सरसकट घरात घ्यावे असा अर्थ कोणी काढू नये. आत येणाऱ्या कुत्र्याबरोबर जंत, गोचीड आणि पिसवा आत येतात. त्यांचा बंदोबस्त न करता त्याला मुलांच्या अंथरुणात घेणे हेही तितकेच अविचाराचे आहे.

कुत्र्याचा गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतो. त्यामुळे पिल्लू कितीही गुबगुबीत दिसले तरी त्याच्या पोटात जंत आहेत असे धरूनच चालावे. विष्ठेतून पडलेली अंडी दोन-तीन आठवड्यांनी मातीत संसर्गक्षम होतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलाच्या बोटांवाटे पोटात जातात. तेथून निघालेल्या अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यातही पोहोचतात. अंकुशकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायांच्या त्वचेतून शिरतात. पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्यास आठ आठवडे वयापर्यंत, नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे दर तीन महिन्यांनी वजनाच्या प्रमाणात जंताचे औषध द्यावे. अंगणातील विष्ठा रोज उचलून पुरावी. अंडी मातीत तयार होण्यास आठवडे लागतात, त्यामुळे हा रोजचा पाच मिनिटांचा उद्योग औषधाइतकाच उपयोगी पडतो.

गोचिडीविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ती फक्त गवतातून येते असे मानतात. परंतु कुत्र्यावरील नेहमीची तपकिरी गोचीड आपले सारे जीवनचक्र घराच्या आत पुरे करू शकते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरते, भिंतीच्या भेगेत शिरते आणि हजारांनी अंडी घालते. म्हणून केवळ कुत्र्याला औषध लावून भागत नाही. तो निजतो तेथील भेगा बुजवाव्या लागतात, अंथरूण उकळत्या पाण्यात धुवावे लागते. पालीजवळ भिंतीवर चढणारे करड्या वाटाण्यासारखे किडे दिसले तर तो इशारा समजावा. गोचिडीच्या चाव्यातून कुत्र्याला होणाऱ्या रक्ताच्या रोगांत ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येते. अशा वेळी थांबू नये.

मोकाट सोडण्याविषयी

आपल्याकडील बहुसंख्य कुत्री घरात नसतात आणि साखळीलाही नसतात. ती दिवसभर गावात हिंडून जेवायला घरी येतात. ही तिसरी पद्धत पालकांस सोयीची वाटते, परंतु रेबीजच्या दृष्टीने सर्वांत घातक तीच आहे. कुत्र्यांच्या व्यापक लसीकरणाची मोहीम, चावलेल्यांवर वेळीच उपचार आणि शाळाशाळांतून दिलेली माहिती यांच्या बळावर २०२१ साली गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. असे घोषित झालेले ते देशातील पहिले राज्य होय. परंतु विषाणू राज्याची सीमा ओळखत नाही. एकूण कुत्र्यांपैकी सुमारे ७० टक्के कुत्री सतत लसयुक्त राहिली तरच साखळी तुटलेली राहते, आणि पिल्ले तर दरवर्षी जन्मत असतात. तीन महिने वयाला पहिली आणि त्यानंतर दरवर्षी लस, हा नियम घरात निजणाऱ्या कुत्र्यालाही लागू आहे. कोणताही कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.

व्यवस्था कशी करावी

आमच्या मते आपल्या हवामानात सर्वांत योग्य व्यवस्था म्हणजे दिवसा कुंपणाच्या आत मोकळे अंगण आणि रात्री दाराच्या आत पडवी, जिन्याखालची जागा किंवा न्हाणीलगतची खोली. स्वयंपाकघर आणि निजण्याच्या खोल्या वर्ज्य ठेवाव्या. कुत्र्याला ही सीमा आठवडाभरात समजते, घरातील माणसांना समजण्यास कधी कधी अधिक वेळ लागतो. स्वतंत्र घरकुल बांधायचेच असेल तर ते वीतभर उंच जोत्यावर, झाडाच्या सावलीत, पत्र्याऐवजी कौले घालून बांधावे. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून तोंड पूर्वेला ठेवावे. आत कुत्र्याला उभे राहता, वळता आणि पाय ताणून निजता आले पाहिजे. सदनिकेत राहणाऱ्यांनी सकाळ-संध्याकाळ फिरवून आणण्याची जबाबदारी आधी घरात ठरवून मगच पिल्लू आणावे. नरकासुराच्या रात्री आणि चतुर्थीच्या दिवसांत, फटाक्यांच्या आवाजाने कुत्री साखळ्या तोडून पळतात. त्या रात्री तरी प्रत्येक कुत्रा आतल्या खोलीत, खिडक्या लावून ठेवावा.

वर्षानुवर्षे साखळीला असलेला कुत्रा मात्र एकदम आत आणू नये. आधी जंताचे व गोचिडीचे औषध द्यावे आणि अंग धुवावे. पहिले आठ दिवस रात्रीचे जेवण पडवीत द्यावे आणि त्याच्या नेहमीच्या वासाचे गोणपाट तेथेच अंथरावे. सुरुवातीला तो दाराशी उभा राहील, आत येणार नाही. त्याला गळपट्ट्याने ओढू नये. दार उघडे ठेवून घरातील एखाद्या माणसाने जवळ बसावे. लहान मुलांना पहिला महिनाभर त्याच्याजवळ एकटे सोडू नये, आणि तो जेवत असताना तर मुळीच नाही.