उत्तेजक नशा, एचआयव्ही आणि 'मशरूमचा उपचार'

एमडी, मेथ, कोकेन हे उत्तेजक अमली पदार्थ. यांनी झोप उडते, भूक मरते, दिवसरात्रीचे भान राहत नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्याला आणखी एक धोका असतो. एआरटीची गोळी चुकते. गोळ्या चुकत राहिल्या की विषाणू वाढतो आणि पुढे औषधालाही दाद देईनासा होतो.

हेरॉइनच्या व्यसनावर मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे आहेत. उत्तेजकांच्या व्यसनासाठी मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही अजून एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. म्हणून संशोधक सायलोसायबिनकडे वळले आहेत. काही रानटी मशरूममध्ये आढळणारा हा पदार्थ काही तास जाणिवा बदलतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात एड्सच्या साथीतून वाचलेल्या, खचून गेलेल्या 18 वयस्क समलिंगी पुरुषांना सायलोसायबिनचा एकच डोस आणि गटात समुपदेशनाची अनेक सत्रे दिली गेली. 2020 साली निष्कर्ष आले. तीन महिन्यांनंतरही त्यांचे खचलेपण कमी झालेले होते. पण हा प्रयोग व्यसनावर नव्हता, माणसे थोडी होती आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मेथच्या व्यसनावर अजून लहान चाचण्याच चालू आहेत.

म्हणजे ही आशा आहे, उपचार नव्हे. चाचणीत हृदय आणि मनाची आधी तपासणी होते, डोस मोजून दिला जातो, प्रशिक्षित माणूस शेजारी बसतो. बाजारातल्या पुडीत यातले काहीच नसते. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने सायलोसायबिनवर बंदी आहे. स्वतःला किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर धोका फार मोठा.

आणखी एक लक्षात ठेवा. तुमच्या एआरटीत रिटोनाविर असेल तर यकृत काही अमली पदार्थ सावकाश फोडते. नेहमीचीच मात्रा जीवघेणी ठरू शकते. नशा करत असाल तर डॉक्टरांना खरे सांगा. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणे त्यांना बंधनकारक आहे.

आज उपयोगी ठरलेला मार्ग साधा आहे: नियमित समुपदेशन, आणि लघवीची तपासणी स्वच्छ आली की लहानसे बक्षीस. व्यसनमुक्तीसाठी 14446, एचआयव्हीसाठी 1097 हे मोफत क्रमांक आहेत. नशा सुटली नसली तरी एआरटी सोडू नका. घरच्यांनो, अशा माणसाला हाकलू नका. गोळीची वेळ झाली की हाक मारा.