वैद्यांची दैनिक नोंदवही आणि आयकरातील वजावट

रुग्णाची प्रकृती, नाडी, अग्नी, पथ्यापथ्य यांची नोंद आपण काटेकोरपणे ठेवतो. त्याच रुग्णाकडून स्वीकारलेली रक्कम मात्र अनेक चिकित्सालयांत एकाच आकड्यात लिहिली जाते. ‘सात दिवसांचे औषध, ३५० रुपये’ या नोंदीतून तपासणी शुल्क किती व औषधाचे मूल्य किती, हे वर्षअखेरीस सांगता येत नाही. वैद्यवर्गाच्या हिशेबातील बहुतेक अडचणींचे मूळ आमच्या मते येथेच आहे.

२०२५ साली नवा आयकर अधिनियम संमत झाला. तो १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पुढील क्रमांक परिचयाच्या १९६१ च्या अधिनियमातील आहेत.

कलम ४४ एडीए अन्वये एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखविली की हिशेबपुस्तकांची सक्ती राहत नाही. जमेची मर्यादा ५० लाख रुपये असून रोखीचे प्रमाण ५ टक्क्यांपर्यंतच असल्यास ती ७५ लाख होते. केवळ सल्ला देणाऱ्या वैद्यास हा मार्ग सोयीचा आहे. परंतु स्वतः औषधे देणाऱ्या, पंचकर्म करणाऱ्या वैद्याचे काय? समजा, वर्षाची जमा ४० लाख. तेल, तूप, काष्ठौषधी, परिचारकांचे वेतन, जागाभाडे व घसारा मिळून खर्च २६ लाख. प्रत्यक्ष उत्पन्न १४ लाख असता कर २० लाखांवर भरावा लागतो. १४ लाखच दाखवावयाचे तर पुस्तके ठेवून लेखापरीक्षण करून घेणे आवश्यक ठरते. अनेक वैद्य पुरावे नाहीत म्हणून निम्म्याचा मार्ग पत्करतात, सोयीचा म्हणून नव्हे.

नव्या करप्रणालीत वजावट मुळीच मिळत नाही, हा समजही दूर व्हावयास हवा. तेथे विमा, भविष्य निर्वाह निधी यांसारख्या वैयक्तिक वजावटी जातात. व्यवसायाचा खर्च व घसारा पूर्ववत वजा होतो.

पुराव्यांचा खरा पेच वनस्पतींच्या खरेदीत आहे. हिरडा, बेहडा, आवळकाठी, गुळवेल हे पुष्कळदा संग्राहकाकडून थेट येते व पावती मिळत नाही. अशा वेळी आपणच खर्चपावती करून तीवर विक्रेत्याचे नाव, गाव, वजन, दर लिहून स्वाक्षरी वा अंगठा घ्यावा. एका व्यक्तीस एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास कलम ४०ए(३) अन्वये तो खर्च सामान्यतः अमान्य होतो. नंतर वाळवण, निवड व वस्त्रगाळ यांतील घटही लिहावी. दहा किलो भरड आणून साडेआठ किलो चूर्ण निघाले, तर उरलेला दीड किलो कोठे गेला याचे उत्तर वहीत असले पाहिजे. अन्यथा ते विकलेले औषध समजले जाण्याचा धोका राहतो.

शुल्क व औषध वेगळे लिहिण्यास वस्तू व सेवा कराचेही कारण आहे. वैद्याची चिकित्सासेवा करमुक्त, तर बाह्यरुग्णास विकलेले औषध करपात्र. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदीय औषधांवरील दर ५ टक्के झाला. तथापि नोंदणीची मर्यादा मोजताना करमुक्त शुल्कही उलाढालीत धरतात. महाराष्ट्रात ४० लाखांची मर्यादा केवळ वस्तू विकणाऱ्यांसाठी आहे. शुल्क व औषध दोन्ही घेणाऱ्यास ती २० लाखांचीच पडते. औषधालयाच्या मालकांनी दुकानात वैद्याचे शुल्क स्वतःच्या नावे जमा करण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे.

१९६२ च्या नियमावलीत वैद्यकीय व्यावसायिकांसाठी ‘नमुना ३ सी’ ही दैनिक रुग्णनोंदवही होती: दिनांक, अनुक्रमांक, रुग्णाचे नाव, सेवेचे स्वरूप, शुल्क व ते मिळाल्याचा दिनांक. त्यास ‘औषधमूल्य’ हा एक स्तंभ जोडला की वही आपल्या कामाची होते. ३१ मार्चच्या सायंकाळी बरण्या, डबे, तेलाचे कॅन यांचे वजन करून यादी करावी, तीवर दिनांकासह स्वाक्षरी करावी. तीच १ एप्रिलचा आरंभीचा साठा म्हणून पुढील वहीत उतरवावी.