डबल ग्लास बदलण्याआधी चौकट तपासा

आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला, रुळांच्या बाजूला आहे. मीरा रोडच्या या पट्ट्यात लोकल, गुजरातकडे जाणाऱ्या मेल गाड्या आणि रात्रीच्या मालगाड्या असं सगळं एकाच खिडकीतून ऐकू येतं. रुळांपलीकडे मिठागरं, खाजण आणि खाडी. मध्ये अडवायला काहीच नाही, त्यामुळे पावसाळ्यात वारा सरींना थेट काचेवर आणून आपटतो. सासूबाईंना रात्री नीट झोप लागावी म्हणून आम्ही तिथे डबल ग्लास बसवून घेतली होती. काही पावसाळ्यांनंतर दोन काचांच्या मध्ये वाफ धरली, मग थेंब, आणि शेवटी खालच्या कडेला पांढरट डाग. आतून पुसून जाईना, बाहेरून पुसून जाईना.

ज्याला बोलावलं त्या फॅब्रिकेटरने काच पाहिली, माप घेतलं आणि नवं युनिट आणून बसवलं. पाणी आत येऊ नये म्हणून चहूबाजूंनी सिलिकॉनही भरपूर भरलं. काम देखणं झालं होतं. पण पुढच्या पावसाळ्यानंतर नव्या काचेतही तसंच धुकं! दुसऱ्या कारागिराने पल्ला उतरवून बीडिंग काढली तेव्हा खालच्या खाचेत पाणी साचलेलं होतं आणि काचेची खालची कड त्यात बुडालेली होती. काच बिघडली होती हे खरंच, पण तिला बिघडवणारं चौकटीतलं पाणी तसंच ठेवून फक्त काच बदलली गेली होती.

हे का होतं ते समजून घेतलं तर पुढचा खर्च वाचतो. डबल ग्लासमध्ये दोन काचांच्या कडांमधून ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी फिरवलेली असते, तिला स्पेसर म्हणतात. त्या पट्टीत ओलावा शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात. पट्टी आणि काच यांच्यामध्ये ब्यूटिलचं काळं चिकट सील, आणि त्याच्या बाहेर पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनचं दुसरं सील. आतली हवा कोरडी राहते ती या दोन सीलमुळे. बाहेरचं सील पावसाच्या माऱ्याला तोंड देऊ शकतं, पण दिवसेंदिवस पाण्यात बसणं त्याला सोसत नाही. ते सुटू लागलं की ओली हवा आत शिरते, दाणे पिऊन पिऊन तुडुंब होतात आणि मग वाफ काचेवर दिसते. आपल्या नजरेला धुकं पडतं तोवर सील जाऊन बराच काळ लोटलेला असतो.

आणि चौकटीत पाणी जाणारच. वाऱ्याबरोबर आलेला पाऊस रबराच्या फटीतून थोडा तरी आत उतरतो. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आमच्या इमारतीतल्या चांगल्या चांगल्या खिडक्यांतून पाणी आलं होतं. म्हणून चांगल्या खिडकीच्या पल्ल्याला आणि खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जाण्यासाठी भोकं ठेवलेली असतात. आमच्या खिडकीची ती भोकं आधी महामार्गाच्या आणि मेट्रोच्या कामाच्या धुळीने अर्धी बुजली होती, उरलेली त्या सिलिकॉनने पूर्ण बंद झाली. शिवाय वापरलेलं सिलिकॉन व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं होतं. तसलं सिलिकॉन डबल ग्लासच्या सीलला मारक ठरतं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलीच नळी हवी. नळी हातात घेऊन वाचावी, त्यात संकोच कसला?

काच बदलायला निघण्याआधी ती खरंच गेली आहे का ते पाहावं. पावसाळ्यात एसी चालू असताना सकाळी काचेला बाहेरून घाम येतो, तो हवेतला दमटपणा थंड काचेवर जमल्यामुळे. बाहेरून पुसून गेला तर काचेत दोष नाही. आतल्या बाजूचं पाणी पुसून गेलं तरीही नाही. दोन्हीकडून पुसूनही जे राहतं, तेवढंच सील गेल्याचं लक्षण. काच न बदलता बारीक भोक पाडून आतून औषध मारून धुकं घालवून देतो, असं सांगणारेही भेटतात. टफन, म्हणजे भाजून कडक केलेल्या, काचेला भोक पाडलं की तिचा तिथेच भुगा होतो. साध्या काचेत भोक पाडता येतं, पण फुटलेलं सील त्याने जोडलं जात नाही.

बहुतेक वेळा पूर्ण खिडकी बदलायची गरज नसते. चौकट सरळ असेल, पल्ला वाकलेला नसेल तर फक्त काचेचं युनिट बदलता येतं. यूपीव्हीसीच्या खिडकीत बीडिंग निघते, ॲल्युमिनियममध्ये रबर आणि पल्ल्याचे स्क्रू. इथे माप फार महत्त्वाचं. आपल्याकडे कारागीर इंच आणि सुतात मोजतात. एक सूत म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. टफन काच भाजल्यानंतर पुन्हा कापता येत नाही, त्यामुळे एका सुताची चूकही सगळी काच वाया घालवते. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, दोन्ही कर्ण, सगळं मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावं आणि सर्वांत लहान माप धरावं. जुन्या युनिटची पूर्ण जाडीही लिहावी: 5 मिमी काच, 12 मिमी पोकळी, 5 मिमी काच, म्हणजे 22. खाच 22 ची असताना 24 चं युनिट आलं की कारागीर ते ठोकून बसवतो, आणि कडेचं सील पहिल्याच दिवशी दुखावतं.

काच कुठली घ्यावी, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आवाजासाठी डबल ग्लास घेत असाल तर दोन्ही काचा एकाच जाडीच्या घेऊ नयेत. सारख्या जाडीच्या काचा एकाच स्वरावर थरथरतात आणि मालगाडीची घरघर आत सोडतात. एक बाजू जाड आणि दुसरी लॅमिनेटेड असेल तर फरक कानाला कळतो. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा असतो. फुटली तरी तुकडे त्याला चिकटून राहतात. टफन काच क्वचित कुणी हात न लावताही फुटते, तिच्यात अडकलेल्या निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणामुळे. वरच्या मजल्यावरून ते तुकडे खाली मुलं खेळतात तिथे पडतात. निदान बाहेरची बाजू तरी लॅमिनेटेड असावी, हा खर्च मला कधीच जास्त वाटला नाही. मात्र वजन बघा. 1 मिमी जाडीची काच चौरस मीटरला अडीच किलो भरते, म्हणजे 5 आणि 5 ची जोडी 25 किलो. जाडी वाढवली तर स्लायडिंगची चाकंही त्या वजनाची हवीत.

पैसे कुणी द्यायचे, हे आधी तपासावं. रेरा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत कारागिरीत किंवा दर्जात दोष आढळून तो बिल्डरला कळवला, तर त्याने तो 30 दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. बिल्डरने बसवून दिलेल्या खिडकीसाठी तारखेसह फोटो आणि लेखी पत्र द्यावं, फोनवर बोलून थांबू नये. नंतर बदलून घेतलेल्या काचेसाठी बिलावर काचेचा प्रकार, जाडी आणि सीलची वॉरंटी लिहून घ्यावी. बिल दाखवूनही दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

बसवण्याच्या दिवशी आपण घरी असावं. काचेखाली प्लास्टिकचे छोटे ठोकळे लागतात, आणि दोन्ही काचा त्यांवर टेकल्या पाहिजेत. एकच टेकली तर दुसरी आपल्या वजनाने सरकून सील ओढते. बीडिंग लावण्याआधी रिकाम्या खाचेत तांब्याभर पाणी ओतायला सांगा. ते बाहेरच्या बाजूने वाहून गेलं तरच काच चढवू द्या. नाही गेलं तर भोकं मोकळी करून पुन्हा ओता, आणि तोवर उरलेले पैसे हातात ठेवा.