नवा नियम, नवे इंजिन

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यातील वाटांवर एके काळी लुना, राजदूत अशा दुचाकी निळसर धूर सोडीत धावत. त्यांचे इंजिन ‘टू-स्ट्रोक’ जातीचे असे. त्यात पेट्रोलमध्येच वंगणाचे तेल मिसळत व तेही जळून धुराबरोबर बाहेर पडे. पुढे धुराविषयीचे नियम कडक झाले आणि त्यांची जागा ‘फोर-स्ट्रोक’ गाड्यांनी घेतली. मुलांनो, जगातील मोटारसायकलींच्या शर्यतींतही असाच बदल झाला. त्याला तोंड देण्याचा प्रसंग महाराष्ट्रातील एका कंपनीवर आला.

मुंबईच्या महिंद्रा कंपनीचा संघ २०११ साली जागतिक स्पर्धेच्या १२५ सीसी गटात उतरला. या गटात टू-स्ट्रोक इंजिने धावत. परंतु २०१२ पासून त्याऐवजी ‘मोटो-३’ हा नवा गट आणि २५० सीसीची, एका सिलिंडरची फोर-स्ट्रोक इंजिने येणार, हे आधीच ठरले होते. म्हणजे जुनी गाडी पळवीत असतानाच नवी घडवायची होती.

हे काम सोपे नव्हते. टू-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या एकदा खाली-वर झाला, की इंधन पेटते. फोर-स्ट्रोकमध्ये त्यासाठी दोन फेऱ्या व्हाव्या लागतात. शिवाय झडपा आणि त्या उघडणारी यंत्रणा आली. त्यामुळे सांगाड्याचीही नवी आखणी करावी लागते. स्वाराने वेग कमी करताच हे इंजिन गाडीला अधिक जोराने रोखते. म्हणून वळण घेण्याची सवयही बदलावी लागते. अशा वेळी संघ नवे इंजिन प्रथम कार्यशाळेत तासन्‌तास चालवून पाहतात. कोणता भाग तापतो, कोणता तुटतो, याची नोंद ठेवतात. मग मोकळ्या मार्गावर गाडी पळवून स्वाराचे म्हणणे व यंत्रांवरील आकडे ताडून पाहतात.

२०११ च्या अखेरच्या शर्यतीसाठी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे झालेल्या पात्रता फेरीत महिंद्राचा स्वार डॅनी वेब पहिला आला. जुने यंत्र हाती बसले, आणि तेव्हाच ते कायमचे बाजूला ठेवावे लागले!

२०१२ चे वर्ष कष्टाचे गेले. इटलीत करवून घेतलेले नवे इंजिन मागे पडले. संघाने मैदान सोडले नाही. स्वित्झर्लंडच्या सूटर कंपनीच्या साहाय्याने त्याने नवी गाडी उभारली. ऑक्टोबर २०१३ मध्ये मलेशियात मिगेल ऑलिव्हेरा तिसरा आला. पुढे २६ जून २०१६ रोजी नेदरलँड्समधील असेन येथे फ्रान्सेस्को बन्याया महिंद्राच्या गाडीवर पहिला आला. २०१७ च्या अखेरीस कंपनीने ही स्पर्धा सोडली. पण तो विजय इतिहासात राहिला.

नियम बदलला, तेव्हा जुने यंत्र निरुपयोगी झाले. मोजण्याची, नोंद ठेवण्याची आणि दोष शोधण्याची सवय मात्र निरुपयोगी झाली नाही. तीच नव्या यंत्राच्या कामी आली.

स्वाध्याय

१. टू-स्ट्रोक व फोर-स्ट्रोक इंजिनांतील फरक सांगा.
२. व्हॅलेन्सिया येथील यशाचा आनंद अपुरा का ठरला?
३. ‘मैदान न सोडणे’ हा वाक्प्रचार वाक्यात योजा.